टॉम नामशेष

२ ऑगस्ट
गॅसवाल्या कंपनीनं फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून फ्रिजवर धूळ खात पडली होती. आत प्लंबरच्या फोन नंबरशिवाय एक अक्षर नाही. मी काही लिहिणारी बाई नव्हे. पण आज कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि नेल्डाशी बोललं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं, तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही.

सरकार टॉमला नामशेष ठरवणार आहे.

हॉबर्ट सकाळी आला तोच टोपी हातात घेऊन. आमचा मेयर तो. टोपी हातात म्हणजे एक तर निवडणूक आली किंवा कुणीतरी गेलं. म्हणाला, "ऑर्फा, आधी खाली बस."

म्हटलं, "मी बसलेलीच आहे. तू बोल."

मग त्यानं सांगितलं. टॉम म्हणजे आमच्या डोबी ओढ्यातला मासा. बोटाएवढी मांगूर, ओठावर मिशा, अंगावर पट्टे, आणि काटा असा की लागला तर हाताचा भोपळा होतो. साऱ्या जगात आमच्याच ओढ्यात होता म्हणे. माझ्या लग्नाच्याही आधी कुणाला तरी शेवटचा सापडला. आमच्या डोबी फोर्क गावातल्या एकाही जिवंत माणसानं तो पाहिलेला नाही. पण नाव बघावं तिकडे त्याचंच. पाण्याच्या टाकीवर टॉम, शाळेच्या फुटबॉल संघाचं नाव टॉम, लाँड्री टॉमची, सप्टेंबरातली जत्रा टॉमची, आणि माझं हे बावीस खोल्यांचं मोटेलही 'टॉम मोटेल'च. जत्रेत आम्ही तळलेले मासे खातो ते मात्र लेक ईरी सरोवरातून ट्रकनं येतात.

मी हॉबर्टला विचारलं, "नामशेष म्हणजे नक्की काय रे?"

"म्हणजे नाव तेवढं राहतं, बाकी काही राहत नाही."

"मग इतकी वर्षं वेगळं काय चाललं होतं?"

तो टोपी घालून गेला.

मला टॉमचं काही नाही. मला काळजी आहे ती प्रोफेसर लायल टिब्सांची. म्हणजे त्यांच्या खोलीची. दर ऑगस्टला ते येतात, तीन आठवडे ओढ्यात जाळं धरून उभे राहतात आणि जाताना सरकारला कळवतात की अजून शोध घ्यायला हवा. म्हणून तर टॉमचं प्रकरण आजवर मिटलं नाही. एकदा नामशेष ठरला की संपलं. जो मासाच नाही तो शोधायला कोण येणार? चार नंबरची खोली ऐन हंगामात रिकामी पडेल. धंद्याचा प्रश्न आहे, बाकी काही नाही.

५ ऑगस्ट
नेल्डाच्या खानावळीत कॉफी प्यायला गेले आणि बोलून बसले. गाढवपणा झाला.

"धंद्याचा प्रश्न?" नेल्डा म्हणाली. "अगं, त्याच्याकडून तू अर्धं भाडं घेतेस."

"सरकारी कामाला येणारा माणूस आहे."

"सरकारी माणसाला तू हातानं नूडल्स लाटून घालतेस? मी सख्खी बहीण, मला शेवटच्या कधी दिल्या होत्यास? आईच्या मयताला!"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दोन नवरे करून दोघांनाही पळवून लावलेली बाई ती. तिला सगळीकडे तेच दिसतं. प्रोफेसरांना माशापलीकडे काही दिसत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

११ ऑगस्ट
प्रोफेसर आले. यंदा केस कापून आलेत. त्यांना शोभत नाहीत, कान मोठे दिसतात. नेहमीप्रमाणे घरच्या झाडाच्या नाशपातींचा मुरंबा आणला. इस्त्रीचा शर्ट. हा माणूस चिखलात उतरायला येतो आणि शर्टांना कडक इस्त्री करून आणतो, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

म्हटलं, "यंदा नऊ नंबर घ्या. शांत आहे. चारच्या बाहेर बर्फाचं यंत्र रात्रभर धडधडतं."

म्हणाले, "नको, नको. चारच बरी. आवाजाची सवय झालीय."

चार नंबरला बर्फाचं यंत्र आणि माझं ऑफिस सोडून शेजारी काही नाही. विचित्रच माणूस.

जेवताना मीच विषय काढला. "बातमी ऐकलीत ना?"

"ऐकली," म्हणाले आणि नूडल्सची ताटली पुढे ओढली. मग म्हणाले, "मिसेस स्टाइल्स, यंदा बहुतेक माझं शेवटचंच येणं."

मासा म्हणजे जीव की प्राण बिचाऱ्याचा. मी त्यांना आणखी दोन डाव नूडल्स वाढल्या. आता यात धंद्याचा काय संबंध, असं नेल्डानं विचारलं असतं.

१४ ऑगस्ट
आज मी कपडे वाळत घालत होते तर प्रोफेसर मोटेलच्या मागच्या डबक्यात छातीपर्यंतचे रबरी बूट घालून उभे. मी प्रोफेसर नाही, पण इतक्या वर्षांत त्यांच्याच तोंडून ऐकलंय की टॉमला लागतं खळाळतं, नितळ पाणी आणि खाली गोटे. दगड उलटायचा, खालच्या अंगाला जाळं धरायचं. माझ्या मागच्या अंगणाला लागून आहे तो निव्वळ गाळ.

दोरीपाशी उभी राहूनच ओरडले, "तिथे कसला टॉम सापडतोय तुम्हाला?"

"कधी कधी... नको त्या ठिकाणीही..." म्हणाले आणि मानेपर्यंत लालबुंद झाले. ऊन फार होतं. मी त्यांना उन्हाचं मलम नेऊन दिलं.

दुपारी त्यांनी माझी पन्हळ दुरुस्त केली. मग ऑफिसच्या दाराची कुरकुर काढली. मग विचारलं, आणखी काही आहे का. म्हटलं, अहो, मासा कधी शोधणार?

१८ ऑगस्ट
फायर स्टेशनात गावसभा झाली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. राजधानीतून, कोलंबसहून, मिस आल्वरेझ म्हणून एक अधिकारी आली होती. पोरगेलीच आहे, पण वागायला गोड. तिनं समजावलं की एखादा प्राणी वर्षानुवर्षं नीट शोधूनही दिसला नाही की तो संपला असं मानावं लागतं. औपचारिक सुनावणी तीस तारखेला, आज नुसता संवाद.

संवाद कसला! पर्ल हक काठी टेकत उभी राहिली. "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं कसं? माझा धाकटा जावई नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून दिसलेला नाही. त्यालाही नामशेष करणार का? करणार असाल तर सही कुठे करू ते सांगा."

मग आगीच्या बंबाचा प्रमुख डेल्मर. "बाई, आग विझली असं मी लांबनं बघून कधी सांगत नाही. राखेत उघडा हात घालतो. तुम्ही ओढ्यात हात घातलाय का?"

मिस आल्वरेझ म्हणाली, "प्रोफेसर टिब्स इतकी वर्षं तेच करतायत." सगळ्यांनी वळून प्रोफेसरांकडे बघितलं. ते बुटांकडे बघत होते.

रेव्हरंड टूली म्हणाले, "जे दिसत नाही ते आहे, असं सांगण्याचाच मी पगार घेतो. माझी पंचाईत करू नका."

नेल्डा कशाला गप्प बसते! "एवढा गळा कशाला काढताय? प्रुइटांचं अख्खं घराणं नामशेष झालं, तेव्हा घेतली का कुणी सभा?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "मी अजून आहे, नेल्डा." म्हातारा क्लाइड प्रुइट. डोनट खात बसला होता.

"आहेस रे बाबा. पण एकटाच ना?"

"एकटा असलो तरी आहे," क्लाइड म्हणाला आणि त्यानं दुसरा डोनट घेतला.

शेवटी हॉबर्टनं विचारलं, अर्धवट नामशेष असं काही करता येईल का. म्हणजे तिकडे सरकारी कागदावर गेला, इकडे जत्रेपुरता आहे. मिस आल्वरेझ म्हणाली, तशी सोय नाही. एक जरी टॉम जिवंत दाखवलात तर मात्र सगळं थांबेल.

एक जरी. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

२३ ऑगस्ट
हे लिहावं की नाही कळत नाही. पण डायरी माझी आहे.

हायवेवरच्या गळाच्या दुकानातून आमिषाची बारकी मांगूर आणली, टॉमच्या मापाची. दुकानदार म्हणाला, "ऑर्फा, तू कधीपासून मासे धरायला लागलीस?" म्हटलं, तुला काय करायचंय, पैसे घे. मग नेल्डाच्या बाथरूममधून केसांना लावायच्या रंगाची नळी उचलली. 'गडद चेस्टनट'. चाळीस वर्षं ती सांगते की केस नैसर्गिक आहेत.

मग संडासात दार लावून बसले. खिडकीतून पाण्याची टाकी समोरच दिसते, त्यामुळे नमुना डोळ्यांपुढेच. पाच पट्टे, शेपटाकडे बारीक होत गेलेले. टाकीवरच्या टॉमच्या डोक्यावर हॅट आहे ती अर्थात वगळली. मासा ओल्या फडक्यात धरला आणि त्याची माफी मागत मागत कान साफ करायच्या कापूसकाडीनं पट्टे ओढले. मेल्यानं चौथ्या पट्ट्याला काटा मारला. अशी कळ गेली की मी नवऱ्याच्या, अर्लच्या नावानं ओरडले. त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली. पट्टे सरळ आले मात्र. शाळेत चित्रकलेत मला बक्षीस होतं.

अंधार पडायच्या आत मागच्या डबक्यात सोडून आले. हात टम्म सुजलाय. उद्या प्रोफेसर तिथेच जाळं टाकतील. रोज तिथेच टाकतात.

२४ ऑगस्ट
टाकलं. आणि सापडला.

मी चादरीच्या आडून बघत होते. मला वाटलं होतं ओरडतील, नाचतील, पाण्यात पडतील. काही नाही. मासा पाण्याच्या बरणीत घेतला, भिंगातून पाहिला. अंगठा फिरवला. अंगठा बघितला. मग मान वर करून टाकीकडे बघितलं. मग थेट चादरीकडे.

"मिसेस स्टाइल्स, हात बघू."

म्हटलं, "गुलाबाचा काटा लागलाय."

"तुमच्याकडे गुलाब नाहीत."

खोलीतून औषधाची पेटी आणून त्यांनी माझा हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. इतक्या सावकाश बांधत होते की माझी भाजी लागली असती. मी म्हणणार होते, जरा हात चालवा, पण म्हटलं नाही.

मग म्हणाले, "टाकीवरच्या टॉमला पाच पट्टे आहेत. खऱ्याला तीनच असतात."

"काय?"

"टाकी रंगवली ती मेयरच्या काकांनी. रंग उरला म्हणून दोन जास्त ओढले. मी पहिल्यांदा आलो त्या वर्षीच मला सांगितलं होतं त्यांनी. कुणाला बोलू नका म्हणाले."

मी बोटांवर मोजायला लागले. शाळेच्या जर्सीवर पाच, जत्रेत निवडतात त्या टॉमराणीच्या झग्यावर पाच, माझ्या टॉवेलांवर पाच. अख्खं गाव भलताच मासा मिरवतंय!

"असं का केलंत?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. अगदी हळू.

काय सांगणार? तोंडात आलं ते बोलले. "धंद्यासाठी."

"अच्छा," म्हणाले. बरणी उचलली आणि खोलीत गेले. रात्री जेवायला आले नाहीत, भूक नाही म्हणाले. चिडलेच असणार. आयुष्यभर ज्या माशासाठी जीव टाकला त्याची मी केसांच्या रंगानं थट्टा केली. लाज वाटते मला.

३० ऑगस्ट
सुनावणी झाली. संपलं.

मिस आल्वरेझनं विचारलं, "प्रोफेसर टिब्स, बाकी सगळ्यांनी नाद सोडला तरी तुम्ही दरवर्षी म्हणत आलात, शोध चालू ठेवा. यंदा काय म्हणता?"

ते उभे राहिले. त्यांच्याकडे ती बरणी होती, मनात आणलं असतं तर दाखवता आली असती. पट्टे तीन की पाच, त्या पोरीला कुठे ठाऊक होतं? मी मनातून म्हणत होते, दाखवा हो, दाखवा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टॉम संपलाय. यंदा नाही, फार आधीच. मी दरवर्षी जे म्हणत आलो ते म्हणायला नको होतं. माझं कारण शास्त्रीय नव्हतं."

मला वाटतं, त्यांना अनुदानाबद्दल म्हणायचं असावं. संशोधकांना दरवर्षी पैसे मिळवावे लागतात. नेल्डानं मला बरगडीत कोपर मारलं ते अजून ठणकतंय. "अगं, ऐकलंस का?" म्हणाली. म्हटलं, ऐकलं, बहिरी नाही मी.

३१ ऑगस्ट
पहाटेच गेले. किल्ली खुंटीवर, चादरींच्या घड्या घातलेल्या. रंगवलेला मासा बरणीसकट ऑफिसच्या पायरीवर ठेवला होता. निरोपाला मला उठवलंसुद्धा नाही. मी मासा नेल्डाकडे पोचवला. तिनं आधी पट्टे बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "माझी नळी!"

३ नोव्हेंबर
बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडतच नाही.

बर्फाचं यंत्र बिघडलंय. दुरुस्तीला माणूस बोलावलेला नाही. चार नंबर झाडायला गेले आणि पलंगावर बसून राहिले. तिथून भिंतीपलीकडचा माझ्या ऑफिसातला रेडिओ स्पष्ट ऐकू येतो. मी रेडिओबरोबर गाते, तेही ऐकू जात असणार. आणि माझा आवाज म्हणजे काय, विचारू नका. बिचाऱ्यानं इतके उन्हाळे ते सोसलं आणि खोली बदलली नाही.

मला त्या माणसाची आठवण येते. झालं, लिहून टाकलं. पण त्याला मासा हवा होता आणि मी त्याला खोटा दिला. आता कुठल्या तोंडानं फोन करू?

९ जानेवारी
यंदा गॅसवाल्यांनी डायरी दिली नाही, म्हणून जुनीचीच उरलेली पानं वापरतेय.

टॉम आज अधिकृतपणे नामशेष झाला. टीव्हीवर अर्धं मिनिट दाखवलं, पुढे लगेच हवामान. हॉबर्ट नेल्डाच्या काउंटरवर डोकं टेकून बसला होता. समोरच्या काचेच्या टाकीत माझा मासा फिरत होता. पट्टे फिकट झालेत, पण खाऊन खाऊन लठ्ठ झालाय.

"गाव बुडालं," हॉबर्ट म्हणाला. "मेलेल्या माशाच्या जत्रेला कोण येणार?"

नेल्डा कप पुसत म्हणाली, "अरे, माणसं लग्नाला येत नाहीत तेवढी मयताला येतात."

हॉबर्टनं डोकं वर केलं. त्याच्या डोळ्यांत ती चमक आली की मला धडकी भरते.

१७ एप्रिल
मेच्या शेवटच्या शनिवारी टॉमची अंत्ययात्रा आहे. हॉबर्टनं पत्रकं छापली, रेडिओवर सांगितलं. फोन थांबायचं नाव घेत नाही. क्लीव्हलँडहून, इंडियानाहून, कुठून कुठून. एक बाई म्हणाली, मी आजवर कुठल्याच नामशेष प्राण्याच्या मयताला गेलेली नाही. जणू रोजच असतात.

मी हॉबर्टला पट्ट्यांचं सांगून टाकलं. पांढराफटक पडला. मग म्हणाला, "पाचच ठेवू. आता तो तक्रार करायला कुठे येतोय?"

चार नंबर मी तेवढी कुणाला दिली नव्हती. आज डेटनच्या एका जोडप्यानं फारच गळ घातली, तेव्हा दिली. रिकामी ठेवून तरी कुणाची वाट बघायची होती?

२६ मे
बावीसच्या बावीस खोल्या भरल्यात. हे मोटेल बांधल्यापासून असं कधी झालं नव्हतं. अर्ल असता तर फटाके उडवले असते.

आणि माझं कशातच लक्ष नाही. टॉवेल द्यायला गेले आणि उशी देऊन आले. धंदा म्हणशील तर असा धंदा बघितला नव्हता. मग मी गेल्या वर्षी धंद्याचा प्रश्न, धंद्याचा प्रश्न करत कशाला फिरत होते? इतकी मूर्ख बाई डोबी फोर्कमध्ये दुसरी नसेल. नेल्डा धरून.

२७ मे
आज टॉमला पुरलं.

शाळेचा बँड पुढे, त्यांच्या मागे शवपेटी म्हणून गळाच्या सामानाचा रिकामा डबा खांद्यावर घेतलेले डेल्मरचे चार बंबवाले, मागे टॉमराणी काळ्या झग्यात. टाकीवरच्या टॉमच्या हॅटला काळी पट्टी रंगवली होती. रंग पुन्हा उरला म्हणून हॉबर्टनं त्याला टायही रंगवला. रेव्हरंड टूलींनी छान प्रवचन केलं. म्हणाले, ज्याला आपण कधी पाहिलं नाही त्याच्या जाण्यानं आपल्याला रडू का येतं याचा प्रत्येकानं विचार करावा. पर्ल हकचा जावईही आला होता. ती म्हणाली, बघा, मी म्हटलं नव्हतं! क्लाइड प्रुइटनं खड्ड्यात मातीची पहिली मूठ टाकली. त्याला तो मान द्यायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि म्हाताऱ्यानं मुद्दाम कोट शिवून घेतला होता. मला रडू आलं. मी लपवलं नाही. मयतात सगळे रडतात, कोण विचारतो कशासाठी.

घरी येऊन नूडल्स लाटायला घेतल्या. का, ते विचारू नये. हात रिकामे ठेवले की डोकं चालू होतं. पातेलं उतरवत होते तर दारावर थाप.

प्रोफेसर टिब्स. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. जाळं नाही, बूट नाहीत. केस वाढलेत. बरे दिसतात.

"खोली मिळेल का?"

म्हटलं, "भरलंय. चार नंबरसुद्धा." मग तोंडातून निघालं, "आणि आता काय शोधायला आलात? मासा तर गेला."

"ते मला ठाऊक होतं. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं."

"पहिल्याच?"

"दुसऱ्या उन्हाळ्यात खात्री पटली."

माझं टाळकंच सरकलं. "मग इतकी वर्षं तो चिखल माझ्या टबात धुतलात तो कशासाठी? माझे पांढरे टॉवेल त्या बुटांपायी मातीत गेले! बोलायला काय झालं होतं, तोंड शिवलं होतं का?"

बॅग एका हातातून दुसऱ्या हातात. "तुम्ही दरवर्षी निघताना म्हणायचात, 'पुढच्या वर्षी नक्की सापडेल हं, या.' मला वाटायचं, तुम्हाला मासा हवाय. तो नाही असं सांगितलं असतं, तर मी कुठल्या तोंडानं यायचं? मग तुम्ही स्वतःच एक रंगवून सोडलात. धंद्यासाठी, म्हणालात. म्हटलं, या बाईला खरंच मासाच हवाय. आणि तेवढी एकच गोष्ट मला देता येण्यासारखी नाही."

मी दारात उभी. हातात झारा, त्यावरून रस्सा पायावर गळतोय. मी 'या' म्हणायचे ते मासा सापडावा म्हणून? अरे देवा. तो मासा सापडला असता तर पुन्हा येणार नाहीत, ही भीती मला दरवर्षी असायची, आणि ती लपवायला मी मोठ्यानं म्हणायचे, सापडेल हं, नक्की सापडेल! रस्त्यापलीकडे नेल्डा खानावळीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या शेजारी हॉबर्ट, त्याच्या शेजारी क्लाइड प्रुइट, आणि मागे मयताला आलेलं सारं क्लीव्हलँड.

"ऑर्फा," ते म्हणाले. आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती. "मी सांगायला आलो होतो की..."

"मासा गेला खड्ड्यात, लायल," मी म्हटलं. "आत या. नूडल्स गार होतायत."